संचालकाची रिकामी खुर्ची

बोरी अरब,
२५ सप्टेंबर २००२

चि. सौ. मधुवंतीस, दादाचे अ. आ. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बसून वाच. परवा बँकेचे अध्यक्ष उत्तमसिंगजी स्वतः मोटारीने आपल्या दारात आले. पाच जिल्ह्यांत शाखा असलेल्या बँकेचा अध्यक्ष, आणि अंगणातल्या खाटेवर बसून तुझ्या वहिनीच्या हातचा गोळाभात दोनदा मागून जेवला! मला संचालक करायचे म्हणतात. एक जागा रिकामी होते आहे आणि त्यांना निष्कलंक माणूस हवा आहे. निवृत्त हेडमास्तरची कोणाला आठवण असते ग? मला तर भरून आले. दसऱ्यानंतरच्या सभेत सही करायची. त्र्यंबकराव तिथे संचालक आहेतच, आता आम्ही दोघे मेहुणे शेजारी बसू. अनघाने बापासाठी कोट शिवायला टाकलासुद्धा.

त्र्यंबकरावांना नमस्कार. आमच्यावर जीव आहेच तुझा, तो तसाच राहू दे.

तुझा,
यज्ञेश्वर


यवतमाळ,
१ ऑक्टोबर

ती. दादांस, मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद व्हायचा, तर काळजीच लागली. दादा, अध्यक्ष गोळाभातासाठी बोरीला येत नसतात. या चार महिन्यांत तीन संचालकांनी राजीनामे दिले. एकाला साखर, एकाला बी.पी., तिसऱ्याचे गुडघे. ते गुडघेवाले गणपतीच्या विसर्जनात लेझीम खेळून राह्यले होते, मी गॅलरीतून पाह्यलं! जिनिंगवाल्यांना बँकेनं भरमसाट कर्जं दिली, कापसाचे भाव पडले, निम्म्या जिनिंगांना कुलपं लागली. तरी बँकेच्या अहवालात वसुली झकास. कशी? जुनं फिटलं असं दाखवायला त्यांनाच नवं कर्ज देतात, असं इथं बाजारात पोरंसोरं बोलतात. उद्या सरकारी चौकशी लागली तर वसुली संचालकांच्या घरादारावर येते, वर पोलिसांची केस. ह्यांना विचारलं, जागा नेमकी कोणाची रिकामी होऊन राह्यली, तर ताटावरून उठून गेले. हे ताटावरून कधी उठत नाहीत.

सही करू नका. माझा संशय खोटा निघाला तर खुशाल हसा मला, पण माया कमी करू नका.

तुमची,
मधू


बोरी अरब,
७ ऑक्टोबर

चि. सौ. मधूस, अ. आ. वि. वि.

तू लहानपणापासूनच संशयी. आईने दिलेला पेढासुद्धा हुंगून खायचीस. पण या वेळी मनाला लागले. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, आता कुठे एक मान चालून येतो आहे, तर बहिणीला त्यात काळेबेरे दिसावे? तरी तुझ्या समाधानासाठी त्र्यंबकरावांना फोन केला. ते म्हणाले, दादा, डोळे मिटून सही करा, मी आहे ना. घरचे जावईच असे म्हणतात, तर मी आणखी कोणाला विचारू? खोट असती तर ते स्वतः तिथे बसले असते का? फंडाचे सगळे पैसे घालून बांधलेले हे एकच घर आहे माझे, ते मी उगाच पणाला लावीन होय?

सभा शुक्रवारी, अठराला आहे. आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्कामाला येतो. तोवर रुसवा सोड, आणि भावाला मनातून उतरवू नकोस.

तुझा,
दादा


यवतमाळ,
१४ ऑक्टोबर

ती. दादांस, शि. सा. न.

पोस्टाचा भरोसा नाही, म्हणून हे पत्र दारव्ह्याच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली.

ती रिकामी जागा ह्यांचीच आहे. काल मी ताटच वाढलं नाही, तेव्हा तोंड उघडलं. चौकशीचा हुकूम निघेल तेव्हा जो खुर्चीवर, तोच आधी सापडणार, असा ह्यांचा हिशेब. आणि अध्यक्षांची अट अशी, की ज्याला सुटायचं त्यानं आपल्या जागी आपल्याच नात्यातला, भल्या नावाचा माणूस आणून द्यायचा, मगच राजीनामा मंजूर. गुडघेवाल्यांनी साडू दिला, साखरवाल्यांनी व्याही. ह्यांनी तुम्हाला दिलं.

काहून, म्हणून विचारलं. म्हणाले, दादा मास्तर आहेत, त्यांना कोण तुरुंगात टाकणार. माझा असा संताप झाला! मग रडले, आणि तुम्हाला कळवू नको म्हणून माझे हात धरले. तुम्ही आला नाहीत तर हे तिथंच अडकणार. हे घर आमच्या दोघांच्या नावावर आहे, तेही जाईल. सगळं समजून लिहून राह्यली, दादा. सही करू नका. सतराला येऊसुद्धा नका. हे पाया पडतील आणि तुम्ही विरघळाल, मी ओळखते तुम्हाला.

ह्यांचा राग धरा, तुमचा हक्क आहे. माझ्यावर लोभ ठेवा असं दरवेळी लिहिते. आज मागायला तोंड नाही. उरला तर राहू द्या.

तुमची,
मधू