अकरा दात

अंबापेठ, अमरावती
९ फेब्रुवारी १९६४

प्रिय हेमचंद्र,

‘प्रिय’ रीत म्हणून लिहिलं. धाकटा भाऊ आहेस, एवढाच त्याचा अर्थ घे. हे पत्र चार दिवस लिहितेय. बोटं वळत नाहीत, अक्षर वाकडं येतं. पण डॉक्टरानं आपल्या उपचाराचं फळ एकदा तरी डोळ्यांनी पाहावं.

त्रेपन्न साली मी तुझ्या अकोल्याच्या दवाखान्यात आले, तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. मनगटं सुजत, सकाळी दोन-दोन तास मूठ मिटत नसे. तू नवाकोरा डॉक्टर, स्टेथोस्कोप गळ्यात घालून जेवायला बसायचास. म्हणालास, “ताई, दातांच्या मुळाशी पू आहे. तेच विष सांध्यांत उतरतंय.” दोन खेपांत माझे अकरा दात काढलेस. एकही किडका नव्हता. तेव्हा बडेबडे डॉक्टरही तसंच मानत, हे मला आता कळलंय, म्हणून त्याचा दोष देत नाही. दोष पुढचा आहे. दुखणं तसूभर हललं नाही, तेव्हा ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. ओसरीवर माझ्या यजमानांना म्हणालास, “शकुनताईचं दुखणं मनाचं आहे. कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही.” मी दाराआड होते.

हरिहरराव वकील, कोर्टात साक्षीदाराची साल काढतात. पण मेहुणा डॉक्टर म्हटल्यावर एक उलट प्रश्न विचारला नाही त्यांनी. त्या दिवसापासून घरात मी आळशी ठरले. दहा वर्षं वाकडी होत चाललेली बोटं घेऊन पाट्यावर वाटण वाटलं, धुणं पिळलं. भांडी घासणारी पार्बताबाई तेवढी म्हणायची, “बाई, तुमचे बोटं पाहून मले रडू येते. काहून वाटून राह्यल्या तुमी?” अंगठा उठवणाऱ्या बाईला जे दिसलं, ते तुझ्या भिंतीवरच्या पदवीला दिसलं नाही.

दिवाळीनंतर गुडघा पाण्यानं भरला. इथल्या डॉक्टर शालिकरामांनी सुईनं पाणी काढलं. शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्या माळ्यांचा मुलगा. ‘संत्री विकणाऱ्यांनी संत्रीच विकावी’ असं तू डॉक्टरकी शिकताना ज्याला म्हणाला होतास, तोच. त्यांनी एक थेंब काचेवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. बारीक ठिपक्यांची नुसती दाटी. म्हणाले, “ताई, ह्या पांढऱ्या पेशी. जंतू मारायचं ह्यायचं काम. इथं जंतू एक बी नाही, तरी तुमच्याच सांध्यावर तुटून पडल्या. काहून, ते अजून मोठमोठ्यायले बी पुरतं समजलं नाही. पण हे मनाचं दुखणं नव्हे.” त्या गृहस्थाला ‘समजलं नाही’ म्हणायची लाज वाटली नाही. तिथल्या बाकावर बसून मी लहान पोरीसारखी रडले. हाडं झिजली ती झिजली, म्हणाले. ती काही परत यायची नाहीत.

आता मुद्द्याचं. तुझी रमा मंगळवारी एस.टी.नं एकटी माझ्याकडे आली. मैत्रिणीकडे जाते असं तुला सांगून निघाली होती. सतरा वर्षांची पोर, सकाळी वेणीचा पेड घालता येत नाही तिला. तू म्हणालास म्हणे, वरूडचं स्थळ मोडायला नाटक करतेय. आणि वर येत्या सोमवारी तिचे दात काढायचं ठरवलंस! अकरा वर्षांत एक तरी नवं पुस्तक उघडलंस का रे? शालिकरामांनी तिला तपासलं. हेच दुखणं आहे, पण कोवळं आहे, हाडं शाबूत आहेत. गुरुवारी आम्ही तिला नागपूरला नेतोय, तिथं सांधे वाचवायला सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं सुरू करायची आहेत. तिला न्यायला येऊ नकोस. काल ‘रमाला न्यायला येतोय’ अशी तुझी तार आली, ती हरिहररावांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पोरगी इथंच राहील. हेमचंद्र आला तर दारात मी उभा राहीन.”

नात्यानं तुझीच,
शकुन