बाहेरचा हसतो, आतला बोलत नाही

ती. बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. वेळेवर जेवते, स्वेटर घालते, हे आईलाही सांगा.

कामात मात्र आठवडाभर डोकं भंजाळलंय. एका वाचनालयाच्या वेबसाइटसाठी दोन सर्व्हर जोडायचेत. बाहेरचा वेब सर्व्हर येणाऱ्याला सामोरा जातो. फोटो, वेळापत्रक असलं ठरलेलं स्वतःच देऊन टाकतो. पुस्तक शोधायचं असेल तर पुस्तकांची यादी सांभाळणाऱ्या आतल्या जावा सर्व्हरला विचारतो. पण शोधायला गेलं की बाहेरून एकच उत्तर, "सेवा उपलब्ध नाही." आतलाच बिघडलाय, असं सगळ्यांनी धरून टाकलं. साहेब तर म्हणाले, "बदलूनच टाक."

काल वैतागून मी बाहेरच्याला वगळलं आणि आतल्याला थेट विचारलं. पठ्ठ्यानं लगेच उत्तर दिलं! तो ठणठणीत होता, निरोपच पोचत नव्हता. का, ते देव जाणे. मी अजून गोंधळलेलीच आहे.

पण तेव्हापासून एकच डोक्यात घोळतंय. तीन महिने झाले, फोन आईच उचलते. "बाबा झोपलेत." "बाबा फिरायला गेलेत." "बाबा मजेत." सकाळी अकराला तुम्ही झोपता? आणि गुडघे दुखत असताना फिरायला कुठे जाता? आई तर ताकास तूर लागू देत नाही.

म्हणून हे पत्र तुमच्या नावावर. तुम्हीच उघडा आणि उत्तरही तुम्हीच लिहा. एक ओळ पुरे.

अक्षर कापरं आलं तरी मला वाचता येईल, बाबा.

तुमची,
धाकटी