गणितात अडकलेल्यांना खोली परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कै. गुरम्माबाई कनिष्ठ महाविद्यालय,
औसा, जि. लातूर

विषय : गणित ऑलिम्पियाडच्या सरावाची खोली उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : ‘विद्यार्थी खोलीत काहीही करत नाहीत’ ही आपली फलकावरील सूचना.

महोदय,

मी, स्वप्नाली बसलिंगप्पा मिटकरी, अकरावी विज्ञान, नम्रपणे कळवते की,

१. मी, वर्षाराणी व आनंदराज असे तिघे आपल्याच परवानगीने जिन्याखालच्या खोलीत ऑलिम्पियाडची गणिते सोडवत होतो. सोमवारी पर्यवेक्षक श्रीमंत सर आत आले, तेव्हा आम्ही कोऱ्या फळ्याकडे बघत गप्प बसलो होतो. सरांनी “काय करायलात?” असे विचारले. मी खरे तेच सांगितले, “सर, अडकलोय.” सरांनी तात्काळ शिपायाकडून दाराची कडी तपासून घेतली.

२. कडी ठीक निघाली. गणितात अडकलोय, असा खुलासा करताच सरांनी उत्तराचे चार पर्याय विचारले. पर्याय नसतात म्हटल्यावर “मंग हे कसलं गणित?” असा शेरा मारून त्यांनी खोलीला कुलूप लावले. आनंदराजचा डबा आतच राहिला. त्यात वांगी आहेत.

३. सबब आम्ही मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसलो. गणित असे : आठ बाय आठ फरश्यांचा चौकोन, तिरके समोरासमोरचे दोन कोपरे सोडायचे, उरलेली जागा दोन-दोन फरश्यांएवढ्या पुठ्ठ्यांनी झाकायची. पुठ्ठा कापायचा नाही, एकावर एक ठेवायचा नाही. सोडलेल्या कोपऱ्यांत आम्ही कुंड्या ठेवल्या. सर रागवायला आले, “बसतंय की!” म्हणाले आणि बाह्या सावरून स्वतःच पुठ्ठे मांडू लागले. त्यामुळे सुट्टीनंतर ते घेणार होते ती बारावीची चाचणी सुरूच झाली नाही. बारावीने आमचे आभार मानले, त्यास आम्ही जबाबदार नाही.

४. शेवटी वर्षाराणीने एकाआड एक फरशी खडूने रंगवली. व्हरांडा विद्रूप केल्याचा जो आरोप आमच्यावर आहे, तो हाच. प्रत्येक पुठ्ठा एक रंगीत आणि एक कोरी फरशी झाकतो, पण दोन्ही कुंड्यांखाली रंगीतच फरश्या गेल्या; उरल्या रंगीत तीस, कोऱ्या बत्तीस. म्हणजे पुठ्ठे कधीच बसणार नाहीत! कुणी न सांगता सापडलेले हे आमचे पहिले उत्तर. आम्ही ओरडलो, ते कबूल आहे. सरांनी मात्र उकिडवे बसून दोन्ही फरश्या पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, “होतच न्हाई, हे बी उत्तर असतंय की!”

५. ऑलिम्पियाडची पहिली फेरी तोंडावर आली आहे. खोलीबाबत कार्यालयात विचारले असता “होत न्हाई” एवढेच सांगतात. तरी खोली उघडून मिळावी, ही विनंती. ते खरोखरच होत नसल्यास न होण्याची सिद्धता लेखी मिळावी. आम्ही तिघे व श्रीमंत सर ती तपासून देऊ.

आपली, तूर्त व्हरांड्यातली विद्यार्थिनी,
स्वप्नाली मिटकरी
दि. ८ ऑगस्ट २०२५

सोबत : फरश्यांची आकृती. (मूळ प्रत शिपायांनी धुतली आहे.)