थोरलीविषयी मी दिलेले दोन खोटे जबाब

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, प्राणिसंग्रहालयाच्या हत्तीखान्यातून निवृत्त झालेला राखणदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, त्याविषयी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट मुलगी दोनदा येऊन "बाबा, आता पुरे, जरा पडा" असे सांगून गेली. याआधीची दोन मृत्युपत्रे मी फाडली आहेत. पहिल्यात मुख्य गोष्ट नव्हती. दुसऱ्यात होती, पण ते चुकीच्या वेळेसाठी लिहिले होते. हे तिसरेच खरे धरावे. अक्षर वाकडे आहे, कारण मी मधून मधून उठून येरझाऱ्या घालतो आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी, मुलगा व मुलगी यांना समान वाटून द्यावे. मुलगा एकदा म्हणाला होता, "तुम्हाला त्या हत्तिणीचे डोळे वाचता येतात, आमची प्रगतिपुस्तकं मात्र नाही." तो खोटे बोलला नव्हता. घरातील शिलाईयंत्र मुलीचे. ते तिच्या आईने तिलाच म्हणून ठेवले होते. हे घर मला कसे मिळाले ते दोघांनाही लहानपणी सांगितले नाही. ते कलम चारमध्ये आहे. वाचून कोणाला घर नकोसे झाले तर खुशाल विकावे.

२. हत्तीच्या पायांची नखे घासण्याच्या तीन कानशी, लांब दांड्याचा कुंचा आणि माझ्या रोजनिशीच्या एकतीस वह्या हत्तीखान्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंना द्याव्यात. अंकुश कोणालाही देऊ नये, भिंतीवर शोभेला लावू नये, भंगारातही घालू नये. लोहाराकडून वितळवून घ्यावा. मुलीने समोर उभे राहून खात्री करावी.

३. माझ्या लग्नात "नवरामुलगा काय करतो?" या प्रश्नावर "शेण उचलतो" असे उत्तर देणाऱ्या माझ्या मेहुण्यांना माझे फावडे द्यावे. दांडा नवा बसवला आहे.

४. आता मुख्य गोष्ट.

हत्तीखान्यात दोन हत्तिणी होत्या. थोरली माझ्या आधीपासून होती. धाकटी नंतर ट्रकमधून आली तेव्हा तीन वर्षांची होती. तिचे पाय लटपटत होते आणि भीतीने जागच्या जागी मूत सुटले होते. थोरली जवळ गेली. पोटातून गुरगुरली, ती गुरगुर कानाला कमी आणि छातीला जास्त कळते. मग तिने सोंडेचे टोक धाकटीच्या तोंडात दिले. धाकटी थरथरायची थांबली. दोघींचे रक्ताचे नाते नव्हते. पण पुढची चौदा वर्षे त्या एकमेकींपासून चार पावलांपलीकडे कधी गेल्या नाहीत. धाकटीच्या मांडीतले गळू कापले तेव्हा थोरलीला गजाबाहेर ठेवावे लागले. तिने गजातून सोंड आत घातली आणि जखम बांधून होईपर्यंत धाकटीच्या कानावर ठेवली.

एकोणीस वर्षांपूर्वी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाने एक तरुण हत्तीण मागितली. अधीक्षकसाहेबांनी मला बोलावले. "दोघींमध्ये विशेष जवळीक नाही, एवढं लिहून द्या. तुमचा शब्द वरचे लोक मानतात."

मी म्हणालो, "साहेब, थोरली खायचं सोडेल."

"जनावरं आहेत. चार दिवसांत विसरतात."

टेबलावर कर्मचाऱ्यांना मालकीची घरे देण्याच्या योजनेतला माझा अर्ज पडलेला होता. साहेबांनी त्यावर नुसता हात ठेवला. तेव्हा आम्ही चौघे एका खोलीत राहत होतो आणि छताखाली बादली ठेवत होतो. मी लिहून दिले. त्याच महिन्यात हे घर मिळाले. बायकोने खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाली, "भिंती चांगल्या आहेत. पण तुम्ही असे पाहुण्यासारखे का उभे आहात?" मी तिला सांगितले. तिने मला दोष दिला नाही, पण त्या घराचे कौतुक पुन्हा केले नाही.

धाकटी ट्रकमध्ये चढेना. शेवटी मी भोपळ्याच्या फोडी घेऊन पुढे झालो. मी होतो म्हणून ती मागून आली. मग मी बाजूच्या दारातून उतरलो आणि ते लावून घेतले. हे मी बायकोलाही ती असेपर्यंत सांगितले नाही.

ट्रक ज्या फाटकातून गेला, थोरली अकरा दिवस त्या फाटकाशी उभी होती. बारा क्रमांकाच्या वहीत रोजचे लिहिले आहे. पाणी प्यायची, खायची नाही. फक्त धाकटीच्या झोपायच्या कोपऱ्यात जाऊन जमीन हुंगायची आणि परत फाटकाशी यायची. बाराव्या दिवशी हुकूम आला की तो कोपरा फिनाईलने धुवून काढा, म्हणजे वास जाईल आणि ती विसरेल. मी धुतला. तिने मला भिंतीशी ढकलले. दोन बरगड्या आणि कोपर मोडले. चिरडायचे तिच्या मनात असते तर हे मृत्युपत्र लिहायला मी उरलो नसतो. मला सोडून ती ओल्या फरशीवर सोंड फिरवत राहिली. तिथे आता फिनाईलशिवाय काही नव्हते.

इस्पितळात साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर मी सही केली: कोणतेही कारण नसताना हल्ला केला. त्या ओळीवरून थोरलीच्या पुढच्या पायात साखळी पडली आणि "धोकादायक" अशी पाटी लागली. ती डुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, दिवसभर. शाळेच्या सहली यायच्या, मुले म्हणायची, हत्ती नाचतो आहे. मी जवळच उभा असायचो. साहेब हयात असल्यास बाराव्या वहीची एक प्रत त्यांना पोचती करावी.

५. यंदा नव्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. धाकटी चार वर्षांपासून जंगलाच्या कडेच्या एका मोकळ्या आश्रयस्थानात आहे आणि थोरलीला तिथे पाठवता येईल, पण परवानगी देणाऱ्या समितीपुढे माझी ती जुनी ओळ आहे, असे त्या म्हणाल्या. त्यांनी विचारले, "काका, कारण नव्हतं म्हणजे नक्की काय झालं होतं?" मी चहा दिला आणि उडवाउडवीची उत्तरे दिली. नंतर सगळे खरे मृत्युपत्रात लिहिले आणि सुटल्यासारखे वाटले. मुलीच्या हाती तो कागद लागला. ती परिचारिका आहे, शब्द वाया घालवत नाही. म्हणाली, "हे तुम्ही मेल्यावर वाचायचं? तोवर ती साखळीतच?"

तो कागद मी फाडला आणि समितीपुढे गेलो. अध्यक्षांनी विचारले, "तेव्हा खोटं लिहिलंत, मग आज खरं बोलताय कशावरून?"

मी म्हणालो, "तेव्हा घर मिळणार होतं. आज काही मिळणार नाही."

परवानगी मिळाली. त्यानंतर मी थोरलीकडे गेलो, निवृत्तीनंतर प्रथमच. तिने माझा हात हुंगला, मोडलेले कोपर बराच वेळ हुंगले आणि पाठ फिरवली. तिने मला माफ केले असे माझ्यामागे कोणी रंगवून सांगू नये.

६. उद्या सकाळी तिला न्यायचे आहे. दोन दिवसांचा रस्ता आहे. महिनाभर रोज सराव करून ती गाडीवरच्या पिंजऱ्यात चढते, पण इंजिन सुरू झाले की डोके आपटते. गाडीजवळ उभा राहून मी बोलत राहिलो की थांबते. का थांबते, मला ठाऊक नाही. विश्वासाने नसावे, कदाचित मी कुठे आहे यावर तिला कान ठेवायचा असेल. म्हणून मी बरोबर जातो आहे. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी मला प्रवासाला साफ मनाई केली आहे. मुलगी दोन दिवस भांडली आणि आज तिने माझी पिशवी भरली. धाकटी थोरलीला ओळखेल की नाही, कोणीही सांगू शकत नाही. या विचाराने माझा पाय एका जागी ठरत नाही.

७. शेवटची सूचना गाडीच्या चालकासाठी आहे आणि तिची प्रत त्याच्याजवळ दिली आहे. वाटेत माझे काही बरेवाईट झाले तर गाडी थांबवू नये, वळवू नये, इस्पितळ शोधू नये. मला पुढच्या सीटवर पट्टा लावून तसेच बसू द्यावे. आधी थोरलीला उतरवावे. मग मला.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक: निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सही: हत्तीखान्याचा निवृत्त राखणदार

वरील सही आमच्या समोर झाली. लिहिणारा पूर्ण शुद्धीवर होता, मात्र एका जागी बसत नव्हता.

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी
साक्षीदार दुसरी: हत्तीखान्याच्या डॉक्टरीणबाई