अब्बांचा सदका आणि वेढ्याची तारीख

११ सप्टेंबर

सकाळपासून एकच वाद — आमचा दुसरा टप्पा म्हणजे त्यांचा तिसरा! तलावापलीकडच्या देशाच्या सैन्याने टप्पे वेगळे मोजलेत. डिझेल आणि माणसं पुढे आणणं हा त्यांचा एक टप्पा, टेहळणी हा दुसरा. आम्ही दोन्ही एकातच उरकतो. त्यांचा कर्नल ब्राहिम शेवटी कंटाळून म्हणाला, "नाव काहीही द्या. मी निघेन तेव्हा तुम्हीपण निघालेले असा, म्हणजे झालं." जेवणापर्यंत एवढंच ठरलं की टप्प्यांना आकड्यांऐवजी रंग द्यायचे. जेवणानंतर रंगांवरून वाद.

या संयुक्त मुख्यालयात कर्नल म्हणून मोहिमा आखून आखून माझे केस पिकले. दर मोहिमेला जनरलसाहेब नवं दणदणीत नाव देतात. यंदाचं 'लोखंडी कुंपण'. नकाशा तोच, तलावाकाठच्या झोपड्या त्याच, आत बसलेले बंडखोरही बहुतेक तेच.

गुडघा सुजलाय. बायकोने, यागानाने, तेल गरम करून ठेवलं होतं. लावायचाही कंटाळा आला.

१४ सप्टेंबर

थोरले काका आले होते. गाव उठून निर्वासितांच्या कॅम्पात आलं तरी गावाचे बुलामा, म्हणजे मुखिया, तेच. लोक अजून भांडणं घेऊन त्यांच्याच ताडपत्रीखाली येतात. चहा घेतला, शेंगदाण्याचं कुली-कुली खाल्लं, आणि मग सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "पाणी ओसरायला लागलंय. रोपं तयार आहेत. आम्ही लावणीला जातोय."

म्हणजे आमच्या काळ्या जमिनीत. मसाक्वा ज्वारीची रोपं चिखल ओला असतानाच लावावी लागतात. पहारीने भोक पाडायचं, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी ओतायचं, दोन रोपं खोचायची. पंधरा-वीस दिवस उशीर झाला की जमीन दगड होते, मग वर्षभर रेशनच्या रांगेत उभं राहायचं.

"तिकडे जायची बंदी आहे काका."

"बंदी तुझी, पोट माझं. पहाटे निघतो. लांब पडतं म्हणून काही रात्री तिथेच झोपतो."

"नका जाऊ."

"का? काही आहे का?"

"काही नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि कॅम्पातल्या नळाबद्दल बोलायला लागले. काही आहे हे त्यांना कळलंच असणार. मला लहानपणापासून ओळखतात.

१५ सप्टेंबर

झोप नाही.

आपण काय आखलंय ते सरळ मांडून बघतो. पहिला टप्पा — सामान, माणसं, बातम्या गोळा करणं. तो चालू आहे. दुसरा — वेढा. पश्चिमेकडून आमचं पायदळ, तलावातून नौका, पूर्वेकडून ब्राहिमची माणसं, वरून हवाई दल. वेढा जमीन ओली असतानाच घालायचा, कारण ओल्यात बंडखोरांच्या मोटारसायकली रुततात, पळता येत नाही. वेढ्याच्या आत जो हलेल तो शत्रू धरायचा. तिसरा टप्पा जमीन वाळल्यावर, कारण आमचे रणगाडेही चिखलात रुततात. चौथा — लोकांना घरी नेणं. चौथ्यापर्यंत आजवर कुठलीच मोहीम पोचलेली नाही.

ओली जमीन आम्हाला हवी, काकांनाही हवी. तीच जमीन, तेच दिवस. हे मीच लिहिलंय त्या आराखड्यात. शाबासकी मिळाली होती.

१७ सप्टेंबर

बैठकीत विषय काढला. म्हणालो, लोक लावणीला जाणार, दरवर्षी जातात, कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. हवाई दलाचा विंग कमांडर इशाया भला माणूस आहे. तो खरं तेच बोलला. "ग्रेमा, वरून खांद्यावर पहार घेतलेला माणूस आणि बंदूक घेतलेला माणूस सारखाच दिसतो. मी काय करू?"

मी शेतांची पट्टी नकाशावर दाखवली. इथे बाँब नकोत म्हटलं. जनरलसाहेब हसले. "म्हणजे वेढ्याला दार ठेवायचं?"

"निदान लोकांना तारीख सांगू."

"हो ना. आणि बंडखोरांनाही एक आमंत्रण धाडू." सगळे हसले. मीही हसलो. बंदीची दवंडी पिटून झालेली आहे, त्यापुढे जबाबदारी आपली नाही — असं लिहून घेतलं गेलं.

२२ सप्टेंबर

तारीख ठरली. ४ ऑक्टोबर, पहाट. खोलीत होतो तेवढ्यांनाच माहीत. पहिले तीन दिवस विमानांचे. नंतर पायदळ आत सरकतं आणि माणूस बघून गोळी घालतं — निदान कागदावर तरी.

तीन दिवस. फक्त तीन दिवस ही माणसं शेतात नसली तर जगतात! काकांना सांगितलं तर कॅम्पात कळणार, कॅम्पात कळलं तर तलावापर्यंत कळणार, आणि ओल्या चिखलात आमची पोरं मरणार. सांगायचं नाही. हे मी स्वतःशी पक्कं केलं. न सांगता काय करता येईल?

२३ सप्टेंबर

सुचलं. अब्बांच्या नावाने सदका करायचा. कुराणपठण, मग जेवण. गावच्या माणसाला वडिलांच्या सदक्याला नाही म्हणता येत नाही. अब्बांच्या थोरल्या भावाला तर नाहीच.

यागानाला सांगितलं. ती मिरच्या निवडत होती. "सासऱ्यांच्या नावाने? इतक्या वर्षांनी?"

"स्वप्नात आले होते."

"अस्सं. आणि तारीख पण तेच सांगून गेले?"

मी उठून आंघोळीला गेलो.

२५ सप्टेंबर

कॅम्पात जाऊन आमंत्रण दिलं. काका म्हणाले, "चार तारखेला? लावणी ऐन भरात असेल रे. महिनाभर पुढे ढकल."

"चारलाच. आदल्या दिवशीच या. बायका, मुलं, सगळी. दोन-तीन दिवस राहायला या."

"शेत टाकून?"

"काका, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं?"

ते बराच वेळ माझ्या गणवेशाकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही, गणवेशाकडे. मग म्हणाले, "येतो. सगळ्यांना घेऊन येतो." जरा बरं वाटलं. परत येताना गाडीत ड्रायव्हर काय बोलत होता ते एक अक्षर ऐकलं नाही.

३ ऑक्टोबर

अंगण भरलंय. चटया कमी पडल्या, शेजाऱ्यांकडून आणल्या. बैल कापला. बायका दगडांच्या चुली मांडून बसल्यात, पोरांनी माझ्या बुटांची जोडी कुठेतरी नेली. किती वर्षांनी गावची माणसं एका जागी बघितली. काकांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू आलं, आणि ते कशाचं हे मलाच ठाऊक.

संध्याकाळी मुख्यालयातून फोन, यागाना शेजारीच बसलेली. पुढे ढकललं. ब्राहिमचं डिझेल आलेलं नाही. आता सात तारीख.

एरवी पुढे ढकललं की मला झोप लागते.

४ ऑक्टोबर

पठण झालं. भात, गोश्त, सगळं उत्तम. आभाळ स्वच्छ आणि गप्प. मीच तेवढा वर बघत होतो.

५ ऑक्टोबर

थांबा म्हटलं. थांबेनात. "झालं की रे, जेवलो, दुवा केली. रोपं सुकतायत." पहाटेच निघाले. बायकापोरं कॅम्पाकडे, धडधाकट तेवढे शेताकडे. काकासुद्धा. या वयात!

मुख्यालयात ब्राहिमचा फोन — डिझेल पोचलं, आता नक्की. पहिल्यांदाच तो वेळेवर.

आता काय करू? अब्बांचा सदका दोनदा करता येत नाही.

६ ऑक्टोबर

घरी आलो तर यागाना चुली पुन्हा पेटवत होती. म्हणाली, "मी निरोप धाडलाय. माझ्या वडिलांच्या तब्येतीसाठी सदका. उद्या. शेतावर दोन माणसं धावत पाठवलीत, काकांना म्हणावं आला नाहीत तर माझ्या घरात पुन्हा पाणी मिळणार नाही."

"तुझ्या वडिलांना काय झालंय?"

"काही नाही. तुम्ही नुसते गप्प राहा. तेवढं तुम्हाला चांगलं जमतं."

कधीपासून कळलंय हे मी विचारलं नाही. मी तिच्या हातातलं सरपण घेतलं आणि चुलीत घातलं. या बाईशिवाय माझं काय झालं असतं देव जाणे.

संध्याकाळी ते आले. चिखलाने माखलेले, चिडलेले. काका पण आले. मोजायचं धाडस झालं नाही, पण काका आले.

७ ऑक्टोबर

मी मुख्यालयात होतो, घरचं यागानाने सांगितलं. सासरे ठणठणीत. स्वतःच्याच तब्येतीच्या सदक्याला हजर राहून दोनदा भात घेतला. पहिलं विमान गेलं तेव्हा पंगत बसली होती. कुणी वर बघितलं नाही. काका एवढंच म्हणाले, "वाढ गं सूनबाई."

८ ऑक्टोबर

वेढा पूर्ण. सगळे टप्पे वेळेवर, सगळे रंग बरोबर. आत कोणी नाही. वरून काहीच हलताना दिसेना, म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट न बघता पायदळ आत.

९ ऑक्टोबर

झोपड्या रिकाम्या. राख थंडगार. भांडीसुद्धा नेलेली, म्हणजे घाईने नाही, सावकाश गेले. ब्राहिमच्या पलटणीतली दोन पोरं रिकाम्या झोपडीच्या दारात सुरुंगावर गेली. तो फोनवर ओरडला नाही. "तुमच्याकडून कोणी बोललं," एवढंच म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द गेलेला नाही. तरीही दोन पोरं.

१२ ऑक्टोबर

चौकशी. फोन घेतले, परत दिले. मी शपथेवर सांगितलं, तारीख कोणाला सांगितली नाही. ते खरंच आहे. इशायाने माझी बाजू घेतली. "अरे, हा माणूस तर घरी सदके करत होता, आधी वडिलांचा, मग सासऱ्यांचा," म्हणाला. चौकशी अधिकाऱ्याने मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.



१५ ऑक्टोबर

काका शेत बघून आले. तीन मोठे खड्डे. एक तर नेमका ते झोपतात त्या बाभळीखाली. बाकी रोपं रुजलीत, म्हणाले. बराच वेळ माझा हात धरून बसले. मग चहाला साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली.

मी परत असंच करीन का? करीन. ब्राहिमच्या त्या दोघांची नावं मी विचारून घेतली. तीही विसरता येणार नाहीत.

२४ ऑक्टोबर

जनरलसाहेबांनी बोलावलं. जमीन वाळायच्या आत पुन्हा एकदा. नवं नाव, पहिल्या टप्प्यापासून सुरुवात. आराखडा मीच करायचा, कारण "तुला तो भाग माहीत आहे".

२९ ऑक्टोबर

काकांचा फोन. हसत होते. कॅम्पात लोक विचारतात म्हणे, कर्नलच्या घरी पुढचा सदका कधी? काल तर एक परकाच माणूस ताडपत्रीखाली येऊन बसला. आपल्या गावचा नव्हता, कॅम्पातलाही नव्हता. पण अदबीने बोलला. त्याने तेच विचारलं, आणि जाताना म्हणाला, लावणी टाकून तुम्ही सदक्याला गेलात ते आम्हाला तलावावरूनच दिसलं होतं, कर्नलसाहेबांना आमचा सलाम सांगा.