दादांच्या कुप्या

७ जुलै, ईट
थोरल्या दादांनी सकाळीच भिंतीपलीकडच्या त्यांच्या घरी बोलावलं. टेबलावर तीन कुप्या, तळाशी पूड. दोन पांढऱ्या, एक निळी. चिठ्ठीवर छापलेलं : फक्त संशोधनासाठी. मोबाइलवरून परदेशातून मागवल्या. पेप्टाइड म्हणतात. म्हातारपण पेशीतच थोपवायचं म्हणे. दादांनी वहीत तुलना मांडलीय. एपिटालॉन : गुणसूत्रांची टोकं झिजू देत नाही. निळं तांब्याचं : कातडी, जखमा. तिसरं : पेशीतली ताकद. जन्मभर कारकुनी केली, रकाने अजून सुरेख.
"तुझा हात हलका हाय बापू. जनावराला टोचतोस तसं मला टोच."
वडील पासष्ट पुरी होण्याआधीच गेले. चुलतेही. दादांना फेब्रुवारीत पासष्ट पुरी होतात.  

९ जुलै
म्हटलं, आधी शेळ्यांवर बघू. दादा हसले, "म्हंजी माझ्याआधी शेळी जवान?"
आपल्या गोठ्यातल्या तीन म्हाताऱ्यांपैकी दोन निवडल्या. एकीला एपिटालॉन, दुसरीला निळं. एक दिवसाआड. तिसरी कुपी फ्रीजमध्येच.

२ ऑगस्ट
दोघी पालटल्या. केस चकाकतात, दाव्याला झटे देतात. एपिटालॉनवाली जास्तच. दादांनी वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण केली.
देवीपुढे दिवा लावला, मग दादांच्या पोटावर एपिटालॉनचं पहिलं इंजेक्शन.  

१९ ऑगस्ट
दादांच्या सुषमाचा धाराशिवहून फोन. दवाखान्यात नर्स आहे ती. वहिनींनीच सांगितलं असणार.
"काका, ह्यातलं बरंचसं उंदरांवर न् काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर बघितलंय. माणसाचं पक्कं कुणालाच ठाऊक न्हाय. जी पेशी हे औषध मरू देत न्हाय, ती चांगलीच असंल कशावरून?"
म्हटलं, शेळ्यांना गुण आलाय.
 "शेळ्यांना? काका!"

६ सप्टें.
दादा खूश. झोप लागते म्हणतात. सकाळी शिवाराला चक्कर. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचे भाऊ आता मलाच म्हातारी म्हणायलेत." सगळे हसलो.
पाठीला तेल चोळताना तीळ दिसला. लहानपणापासूनचा आहे. पण कडा अशा फाटलेल्या नव्हत्या.

१४ सप्टें.
वाढलाय. की मलाच तसं वाटतंय. बोट लावून बघू म्हटलं तर दादांनी सदरा ओढून घेतला.

२० सप्टें.
शेजारगावी एका गोठ्यात जंताचं औषध पाजत होतो. हात तसाच थांबला.
९ जुलैला आपल्या शेळ्यांना पाजलं होतं. सुईच्या आधी. पावसाळा लागला की पाजतोच, ते कोण लिहून ठेवतं. तिसऱ्या म्हातारीलाही पाजलं होतं. तिला सुई लावलीच नाही.
घरी येऊन आधी तिला पाहिलं. तीही तेवढीच चकाकते.
इतकी वर्षं जनावरांच्या औषधपाण्याचंच काम करतो. देवा, हे मला आधी कसं दिसलं नाही.

२२ सप्टें.
घट बसले. पूजा झाल्यावर दादांना सगळं सांगितलं. वही बघत बसले. मग म्हणाले, "मग मला बरं वाटतंय, ते काय जंताच्या औषधानं व्हय?"
 म्हटलं, सुई थांबवू. तीळ दाखवू, सुषमा सगळं बघंल.
"तुकडा काढत्याल, तपासत्याल, नाव देत्याल. नाव दिलं की सुरू झालं. फेब्रुवारी जाऊ दे."
वडिलांचंही असंच. शेवटपर्यंत डॉक्टरला दाखवलं नाही.

२४ सप्टें.
दादांना म्हटलं, आता मी टोचणार नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं.  अंगणात जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडं. सदऱ्यावर तिळाच्या जागी रक्ताचा एक ठिपका, वाळलेला. वहिनींनी पाहिला नसावा.

२६ सप्टें.
दुपारी वहिनी धावत आल्या. "भावजी, ते सवताच टोचून घ्यायलेत. लवकर चला."
पोटावर चार ठिकाणी रक्त. सुई वाकलेली. दादांनी दुसरी भरून माझ्याकडं धरली. "तू न्हाय तर मी. कसं बी. पर थांबणार न्हाय."
म्हटलं, टोचतो, पण एका अटीवर. उद्या पहिल्या एसटीनं धाराशिव. तीळ दाखवायचा.
मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
वहिनी माझ्याकडं बघत होत्या. अंघोळ करून येतो म्हणून निघालो, भरलेली सिरिंज खिशात घालून. अंघोळ झाली. देवापुढं बसलो, हात जोडले, काय मागायचं ते सुचेना. उठून हे लिहितोय. सिरिंज समोर आहे. भिंतीपलीकडून दादांनी दोनदा हाक मारली.