हलका माणूस

नेरूळ,
१० एप्रिल २०२५

ती. पुतळा आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

होडी अजून हवेतच होती आणि मी सितारामला ओरडून सांगत होते की पुढे घे, पुढे घे. ती पडली तेव्हा आवाज आधी आला, पाणी नंतर उडालं. मग तिचं पोट वर होतं आणि आत बसलेला संघर्ष कुठेच नव्हता.

तो जिवंत आहे, आत्या. हे आधी लिहायला हवं होतं. बरगड्यांना मार बसलाय, ओठ फुटलाय, हाड मोडलेलं नाही. फोन केला नाही, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू स्वतः भरतेस.

सोबत फोटो पाठवते. ही टिटवी. इंजिन नाही, फक्त वारा. पाचशे मीटरच्या सरळ रेषेत सरासरी वेग किती, एवढंच मोजतात आणि त्यावरून जगाचा विक्रम ठरतो. आम्ही छोट्या शिडाच्या गटात आहोत. टिटवी एकाच दिशेला पळते. दोन्हीकडे पळणारी होडी करायची तर सगळं दुप्पट लागतं आणि वजन वाढतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर दिवाळ्याचा सिताराम तिला आपल्या बोटीने ओढून आणतो. परवा तो म्हणाला की पोरी, तुजी होरी पान्यावर चालत नाय, पान्यावर रुसते.

जोरात असताना तिचं एक पातं तेवढं पाण्यात असतं. नाक वर उचललं गेलं की खाली वारा शिरतो आणि संपतं. ते का उचललं गेलं हे मला कळत नाही. कालपासून आकडे तपासतेय. माझ्या आकड्यांत ती उलटत नाही.

लोभ आहेच. या आठवड्यात थोडा जास्त ठेव.

तुझी,
संघमित्रा


माणगाव,
१५ एप्रिल २०२५

चि. संघमित्रा हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जयंतीच्या आदल्या दिवशी मिळालं. मिरवणुकीत जो तो विचारत होता, संघर्ष का आला नाही. मी म्हटलं कामात आहे. हवेत होता असं कसं सांगू? तूच मला सांगितलं होतंस की तो फक्त दोर धरतो. दोर धरणारा उडाला कसा, ते तुझ्या आकड्यांना विचार.

पत्र वाचून मी चुलीपुढे बसले ती भात करपल्यावर उठले. तुमची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हासुद्धा मी भात करपू दिला नव्हता.

फोटो पाहिला. एक हात लांब, दुसरा नाहीच, शीड एका अंगाला कललेलं. शेजारच्या मीनाने विचारलं, हा पडल्यानंतरचा का. मी म्हटलं, नाही गं, ही नवीकोरी आहे. जाते आणि परत येत नाही, हे तू वर कौतुकाने लिहितेस. आमच्याकडे अशा बैलाला बाजार दाखवतात.

आता दुसरं. मार्चमध्ये मीनाच्या पायलच्या लग्नाला तो आला होता. दोन घास खाल्ले, मटण बाजूला सारलं. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत चढत होतं. मी रागावले तर हसला. म्हणाला, ताईला हलका माणूस लागतो.

तुला माहीत नसेल, पण तुझ्या आजोबांनी हा शब्द घरात बंद केला होता. गावाने तो आपल्याला चिकटवलेला. भात पोचट निघाला तरी आजोबा त्याला हलका म्हणत नसत, भरला नाही म्हणत. आणि माझा पोरगा तो शब्द हौसेने अंगाला लावून घेतो. तू त्याला असं सांगितलंस तरी काय?

माझी माया मागावी लागत नाही. उत्तर मात्र मागते.

तुझी,
पुतळा आत्या


दिवाळे,
१९ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र होडीच्या शेडमध्ये उभ्यानेच वाचलं. मग संघर्षला काट्यावर उभं केलं. तो नको म्हणत होता.

या काट्यावर आम्ही सगळं तोलतो. पाती, बोल्ट, चिकटवायचा डिंकसुद्धा. वजन वाढेल म्हणून रंगाचा दुसरा हात मी देऊ दिला नाही. संघर्षचं वजन मात्र पहिल्या दिवशी धरलं, अडुसष्ट किलो, आणि पुन्हा पाहिलं नाही. काटा एक्कावन्नवर थांबला. काटा बिघडला असं समजून मी स्वतः उभी राहिले. काटा बरोबर होता.

तो नाकाजवळ बसतो. त्याच्या वजनाने नाक खाली राहतं. इतकं सोपं होतं.

डिसेंबरपासून वेग वाढत होता. ते मी नव्या पात्याचं यश समजले. पात्यासाठी पेढे वाटले. त्याने पेढा घेतला होता, खाल्ला का ते पाहिलं नाही. तो शेडमध्येच झोपतो, मी घरी जाते. अंगात सदा तो ढगळ सूट आणि वर जॅकेट. तू विचारलंस मी काय सांगितलं. त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना सांगितलं होतं की एकेक किलो मोजा.

मी त्याला म्हटलं की नाकात शिसं बसवते. तो म्हणाला की मग पायलटही शिशाचाच बसव.

डॉक्टर म्हणाले की ठोके मंद आहेत, रक्त कमी आहे, होडीचं नाव काढू नका. विक्रम मोजणारे निरीक्षक सव्वीस तारखेपर्यंत इथे आहेत. डॉक्टर बोलत होते तेव्हा मी शिसं नेमकं कुठे बसेल याचा विचार करत होते. हे मला बाहेर आल्यावर कळलं आणि मी जिन्यातच बसले.

तुझा लोभ कमी झाला असेल तर तसं लिही.

संघमित्रा


दिवाळे,
२१ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

ताईने लिहिलंच असेल. तू टेन्शन घेऊ नको. ती परवापासून माझ्याकडे असं बघते जसं काय मी भूत आहे. आधी बघायची नाही, आता नजर काढत नाही. दोन्ही वैताग.

एक काम कर. तिला लिही की संघर्षला एकदा बसू दे. शिसं तर शिसं. ही होडी दुसऱ्या कुणाला येत नाही. मी सहा महिने तिच्यात आहे. आता दोन-चार दिवस राहिलेत आणि घरी बस म्हणतात.

तू रागावशील म्हणून लग्नात सांगितलं नाही. मी कमी होत गेलो तसा वेग वाढत गेला. मी किनाऱ्यावर आलो की ताई स्क्रीनवर आकडा बघून हसायची. आई गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं माझ्याकडे बघून हसते.

परवा तिने एपीएमसीतून हापूसची पेटी आणली. मी वास घेतला, तेवढंच. आत्या, आता ठरवलं तरी घशाखाली जात नाही. हे तिला सांगू नको.

तुझा बारक्या,
संघर्ष


माणगाव,
२३ एप्रिल २०२५

चि. संघमित्रा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

संघर्षने एक गोष्ट तुला सांगू नको म्हणून लिहिली आहे, म्हणून सांगते. त्याला अन्न जात नाही. मनात असूनही जात नाही. मी तीन वेळा वाचलं. बारावीत असताना हा माझ्या पुढ्यातली भाकरी पळवायचा.

त्याने मला गळ घातली आहे की ताईला लिही, एकदा बसू दे. मी लिहिणार नाही. बसवू नकोस असंही लिहिणार नाही. माझ्या सांगण्यावरून थांबलीस तर जन्मभर मला बोल लावशील, आणि त्याच्याकडे बघायचं पुन्हा राहील.

माझी माया दोघांवर सारखी आहे. आज तुझ्यावर राग जास्त आहे, एवढंच.

पुतळा आत्या


दिवाळे,
२५ एप्रिल २०२५, संध्याकाळ

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दुपारी मिळालं. तोवर माझं शिसं बसवून झालं होतं. डॉक्टरांचं ऐकूनही बसवलं. तोल आता अचूक आहे. माझ्या आकड्यांत उद्या विक्रम होतो.

पत्र वाचून संघर्षसमोर बसले. भात-आमटी वाढली. त्याने घास उचलला, तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि बाहेर जाऊन टाकून आला. परत येऊन मलाच म्हणाला की तू घाबरू नको. मग विचारलं, उद्या किती वाजता. मी म्हटलं, नऊ. माझ्या तोंडून ते सहज गेलं.

उद्या शेवटचा दिवस आहे. वारा चांगला सुटणार म्हणतात. तो माझं ऐकेल, मी थांब म्हटलं तर थांबेल. मला तसं म्हणता येईल का, हे मला आत्ता माहीत नाही.

राग ठेव, पण जवळ ठेव.

संघमित्रा

ता. क. २६ एप्रिल. पत्र काल टाकलं नाही. आज सकाळी नऊला वारा हवा तसा होता. संघर्ष हेल्मेट घालून उभा होता. मी होडी पाण्यात उतरवली नाही. निरीक्षकांना त्याच्यासमोरच सांगितलं की आमचा पायलट आजारी आहे. ते सह्या घेऊन गेले. त्याने हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं. साडेअकराला आम्ही दवाखान्यात पोचलो. त्यांनी त्याला दाखल करून घेतलं.